बंद शटरचं भाडं

मुंबईहून गोव्याकडे येताना खारपाड्याचा पूल ओलांडला की रस्त्याच्या कडेला दोन प्रकारच्या पाट्या दिसायला लागतात. पहिली 'गणपती कारखाना'. ही जुनी. दुसरी 'शॉप्स अँड ऑफिसेस, बुकिंग चालू'. ही नवी आणि पहिलीच्या चौपट मोठी. तिच्यावर काचेची इमारत, सरकता जिना आणि दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक हसरी बाई (ही बाई मला पेणमध्ये आजवर कुठेही भेटलेली नाही), आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'चित्र केवळ कल्पनेसाठी'.

तर आजचा विषय, गाळा.

मराठी मध्यमवर्गात गाळ्याला एक वेगळाच मान आहे. फ्लॅट काय, सगळेच घेतात. पण "त्यांचा स्टँडजवळ एक गाळा आहे" असं कुणाबद्दल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया आपोआप वर जातात. गाळा म्हणजे महिन्याच्या महिन्याला घरी चालत येणारं भाडं. भाडेकरू पाणी मागत नाही, भिंतीला ओल आली म्हणून फोन करत नाही, त्याची पोरं गॅलरीत क्रिकेट खेळत नाहीत. रिटायर माणसाला यापेक्षा काय हवं?

त्याचं झालं असं की माझे बाबा मे अखेरीस रिटायर झाले. (जिल्हा परिषदेचे निम्मे गुरुजी मे अखेरीस रिटायर होतात, कारण त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळेच्या रजिस्टरप्रमाणे एक जून असतो!) फंड, ग्रॅच्युइटी आणि विकलेली पेन्शन असे मिळून चाळीसेक लाख रुपये आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खात्यात एकत्र दिसले. आणि त्याच आठवड्यात एका एजंटचा फोन आला. एजंटना कसं कळतं हे एक स्वतंत्र संशोधन आहे. "सर, तुमच्यासाठी कॉर्नरचा ठेवलाय. एकशे नव्वद फूट कार्पेट, तीस लाख. पंधरा हजार भाडं कुठंच गेलं नाही."

शुक्रवारी रात्री ऐरोलीहून घरी पोचले तर डायनिंग टेबलवर रंगीत ब्रोशर, आणि बाबा चष्मा लावून त्यातली सरकत्या जिन्याची बाई बघतायत.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

आता इंजिनिअर मुलीला असं विचारलं की ती काय करणार? लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट.

गाळा तीस लाखांचा. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी, शटरच्या आतलं किरकोळ काम धरून तेहेतीस तरी लागणार. एजंटच्या हिशोबानं पंधरा हजार भाडं म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. साडेपाच टक्क्यांच्या आत. पण त्याच रस्त्यावरच्या दोन दुकानदारांना आम्ही विचारलं तर ते नऊ हजार देत होते. नऊ हजारांनी वर्षाचे एक लाख आठ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा केली की उरतात साधारण त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी हजार. म्हणजे अडीच टक्के. आणि गाळा वर्षातून चारच महिने रिकामा राहिला तर दीड टक्कासुद्धा नाही. म्हणजे बचत खात्यापेक्षा हरखून जावं असं काही नाही.

दुसऱ्या कॉलममध्ये पोस्टाची सीनियर सिटिझन योजना. तिचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि त्याच वेळी मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाखांवर गेली. या दरानं तीस लाखांवर दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार. साठ वर्षं पूर्ण नसली तरी निवृत्त झालेल्यांना पंचावन्ननंतर यात पैसे ठेवता येतात, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणजे आमच्याकडे डेडलाइन होती. ऑगस्टच्या आत काय ते ठरवायचं.

मी शीट बाबांकडे सरकवली. त्यांनी गणिताच्या मास्तराप्रमाणे आधी बेरजा तपासल्या. मग म्हणाले, "बरोबर आहे. पण पोस्टात तीस लाखांचे दहा वर्षांनी तीसच राहतात. गाळ्याचे साठ होतील."

हा मुद्दा मात्र खरा होता. आणि या एका मुद्द्यावर सगळा महाराष्ट्र गाळे घेतोय.

पेणमध्ये तर या मुद्द्याला आणखी एक धार आहे. २०१० साली पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक बुडाली. सुमारे दोन लाख ठेवीदार. तेव्हा ठेवींना विमा होता फक्त एक लाखाचा (पाच लाखांचा झाला तो २०२० मध्ये). आमचे पैसे तिथे नव्हते, पण या गावात ज्यांचे अडकले असा माणूस शोधायला गल्ली ओलांडायला लागत नाही. पापड लाटून साठवलेले, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, मिठागराची जमीन विकून आलेले. मी तेव्हा शाळेत होते. बँकेबाहेरची गर्दी मला आठवते, आणि तेव्हापासून मोठ्या माणसांच्या तोंडी आलेलं एक वाक्यही आठवतं, "भिंत कुठं पळून जात नाही." त्या वाक्यावर पेणमध्ये किती शटर बसली असतील याचा हिशोब कुठल्याच एक्सेलमध्ये नाही.

भिंत पळून जात नाही हे कबूल. पण भिंतीसमोर गिऱ्हाईक येतं का?

इथे जरा मोठ्या शहरातल्या मोठ्या गाळ्यांकडे, म्हणजे मॉलकडे बघू. कारण ब्रोशरमधलं चित्र तिथूनच उचललेलं आहे.

मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स सुरू झाला. देशातल्या सुरुवातीच्या मॉलपैकी एक. बघ्यांची इतकी झुंबड उडाली की सुरुवातीला आत सोडताना क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल आहे का ते बघत, नाहीतर प्रवेश फी! आजच्या पब्लिकला हे खरं वाटणार नाही. तिकडे लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात हळूहळू दुकानं, बोलिंग, मग अख्खा मॉल उभा राहिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या लंगड्या झाल्या, १९९१ च्या नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनीवर दुसरं काही बांधायची वाट उघडली, आणि ज्या गिरणीत कोकणातली माणसं पाळ्या करायची तिथे त्यांची नातवंडं पॉपकॉर्न घेऊन फिरायला लागली. गिरणीची चिमणी अजून उभी आहे. लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात.

त्या लाटेत पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मॉलच मॉल झाले. आणि मग त्यातले कित्येक मेले. नाइट फ्रँक या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या आठ प्रमुख शहरांमध्ये २०२३ साली ६४ 'घोस्ट मॉल' मोजलेत. भुताटकीचे मॉल! म्हणजे ज्यांतली चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी आहे असे. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भुतं तरी भाडं देतात का?" :-)

आता प्रश्न असा की एकाच शहरात, एकाच काळात उघडलेले दोन मॉल, त्यातला एक दणक्यात चालतो आणि दुसऱ्याच्या पायऱ्यांवर कुत्री झोपतात, असं का? जागा, पार्किंग, स्पर्धा ही कारणं आहेतच. पण एक कारण इतकं साधं आहे की ते कुणी ब्रोशरमध्ये छापत नाही. पहिल्या प्रकारच्या मॉलचा मालक एकच असतो. तो गाळे विकत नाही, भाड्यानं देतो. दुसऱ्या प्रकारच्या मॉलमध्ये बिल्डरनं गाळे सुटे सुटे विकलेले असतात.

फरक काय पडतो? खूप पडतो. एकच मालक असला की तो सगळ्या मॉलचा एकत्र विचार करतो. मोठ्या दुकानाला, ज्याच्यासाठी लोक मुद्दाम येतात, त्याला तो कमी दरानं जागा देतो आणि आजूबाजूच्या छोट्या दुकानांकडून फुटामागे जास्त घेतो. खायची दुकानं सगळ्यात वर ठेवतो, म्हणजे भुकेलेला माणूस चार मजले दुकानं बघत जातो. सरकता जिना असा बसवतो की वर गेल्यावर पुढच्या जिन्यासाठी अर्धा मजला वळसा घालायला लागावा. (हो, ते मुद्दाम असतं.) एका मजल्यावर पाच चपलांची दुकानं होऊ देत नाही. एखादं दुकान चाललं नाही तर काढून दुसरं आणतो. शिवाय पुष्कळदा करारच असा असतो की किमान भाडं किंवा विक्रीतला ठरलेला टक्का, यात जे जास्त असेल ते. म्हणजे दुकान चाललं तर मालकाला जास्त. त्यामुळे संडासात साबण आहे का याचीसुद्धा काळजी मालकाला असते!

गाळे सुटे विकले की यातलं काहीच होत नाही. तीनशे गाळ्यांना तीनशे मालक. एक ठाण्यात, एक दुबईत, एक वारला आणि मुलांची भांडणं कोर्टात. बिल्डर शेवटचा गाळा विकून मोकळा. मोठ्या दुकानाला सलग जागा हवी तर वीस मालकांच्या सह्या आणायच्या. एसी बंद पडला तर वर्गणी काढायची. भांडुपचा ड्रीम्स मॉल २००९ चा. शेकडो छोटे गाळे, वेगवेगळे मालक. काही वर्षांत तो ओस पडत गेला. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावर एक हॉस्पिटल चालू होतं आणि रुग्णांचे जीव गेले. त्या आगीची कारणं तपासवाल्यांनी सांगावीत, मी सांगत नाही. पण ज्या इमारतीची काळजी घेणं हे कुणा एकाचं काम नाही, ती इमारत शेवटी कशी होते हे समजायला तपासाची गरज नाही.

बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि मास्तरांच्या थाटात एक प्रश्न टाकला, "मग डी-मार्ट कसं चालतं? ते तर जागा विकत घेतात म्हणतात."

बरोबर. राधाकिशन दमाणींचं डी-मार्ट २००२ मध्ये पवईपासून सुरू झालं आणि त्यांचा भर पहिल्यापासून जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घेण्यावर राहिला. उलट किशोर बियाणींचं बिग बझार २००१ पासून भाड्याच्या जागांमध्ये तुफान वाढलं, भाडी थकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सनं एकामागून एक दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मग मालकी चांगली की वाईट?

"बाबा, दमाणी जागा घेतात ती दुकान चालवायला. आपण जागा घेणार आणि मग दुकान चालवणारा शोधणार."

ते काही बोलले नाहीत. पण रविवारी सकाळी चहा झाल्यावर स्वतःच म्हणाले, "चल, बघून येऊ." नवीन इमारत अजून प्लिंथलाच होती, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. म्हणून आम्ही चार वर्षांपूर्वी तयार झालेलं तसलंच एक कॉम्प्लेक्स बघायला गेलो. (नाव लिहीत नाही. तशी बरीच आहेत.)

तळमजल्यावर बावीस गाळे. उघडे तेरा. मोबाइल दुरुस्ती, केक, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, दोन औषधांची दुकानं समोरासमोर, सलून, आणि तीन इस्टेट एजंट! म्हणजे तेरातले तीन गाळे हे गाळे विकणाऱ्यांचेच. पहिल्या मजल्यावरही बावीस. उघडे चार. रविवार होता म्हणून असेल असं बाबा म्हणाले, पण बंद शटरवरची धूळ आणि खालून सरकवलेली वीजबिलांची थप्पी काही एका रविवारची नव्हती. जिन्याला कोपऱ्यात लाल पिचकाऱ्या. पॅसेजमध्ये अंधार. संडासाला कुलूप.

त्या अंधाऱ्या पॅसेजच्या टोकाला एका गाळ्यात उजेड होता आणि मशीनचा आवाज येत होता. ब्लाउज, ड्रेस, फॉल-बिडिंग. आम्ही डोकावलो तर आतली बाई उठून उभीच राहिली. "गुरुजी, तुम्ही इथे?" बाबांच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. त्यांना नाव आठवलं, आडनाव आठवलं, भावाचं नावसुद्धा आठवलं. मग तिनं स्टूल पुसून दिलं आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

बाबांनी सरळच विचारलं, इथे कसं चालतं?

"खाली नऊ-दहा हजार भाडं, वर साडेपाच, म्हणून वर आले," ती म्हणाली. "तेव्हा बाजूला इमिटेशन ज्वेलरीवाली होती, पलीकडे साड्यांना गोंडे करून देणारी. बाया एका फेरीत तिघींकडे यायच्या. ज्वेलरीवाली गेली, मग गोंडेवाली गेली. आता सातनंतर कोणी जिना चढत नाही. मलाच भीती वाटते तर गिऱ्हाइकाला नाही वाटणार? पॅसेजची ट्यूब गेली तर सोसायटी म्हणते पैसे नाहीत, मालक मेंटेनन्स भरत नाहीत. अठरा शटर बंद, गुरुजी, आणि ट्यूब मी एकटीनं लावायची?"

तिचं पुढचं वाक्य मी तेव्हाच मोबाइलवर लिहून घेतलं. "बंद गाळ्याचं भाडं मीच भरते, असं समजा."

मी तोवर हा सगळा प्रश्न बाबांच्या तीस लाखांचा समजत होते. परतावा किती, रिस्क किती, विकायला गेलो तर घेणार कोण. पण रिकाम्या गाळ्याचा मालक निदान वाट बघू शकतो. त्याला भाव वाढण्याची आशा असते, आणि भाव वाढायला दुकान चालू असायलाच पाहिजे असं नाही. उलट बरेच जण म्हणतात की भाडेकरू नकोच, नंतर निघत नाहीत. पण दुकानांचं गणित शेजारावर चालतं. ज्वेलरीवालीकडे आलेली बाई टेलरकडे डोकावते. एक शटर पडलं की शेजारच्याचं थोडं गिऱ्हाईक जातं, मग त्याचंही शटर पडतं. फ्लॅट रिकामा राहिला तर शेजाऱ्याला उलट शांतता मिळते. गाळा रिकामा राहिला तर शेजाऱ्याची चूल मंदावते. गाळ्याला आपण फ्लॅटच्या किंवा सोन्याच्या शेजारी बसवतो, गुंतवणूक म्हणून. तिजोरीतलं सोनं कुणाचं काही बिघडवत नाही, बंद गाळा बिघडवतो.

बिल्डर वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. पेणसारख्या गावात, जिथे २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती चाळीस हजारांच्या आत होती, तिथे बिल्डर गाळे भाड्यानं देऊन पंधरा वर्षं वाट कशी बघणार? खालचे गाळे विकून आलेल्या पैशात वरचे फ्लॅट उभे राहतात. जमीनमालकालाही मोबदल्यात काही गाळे द्यायचे असतात. त्याच्या बाजूनं बघितलं तर विकणं हा एकच रस्ता आहे. म्हणून तर तळमजला, पहिला मजला जिथे मिळेल तिथे गाळे काढतात. गावाला किती दुकानं हवीत हा हिशोब त्यात कुणीच करत नाही, कारण तो हिशोब करणं कुणाचंच काम नाही.

आणि घोषणांची तर लयलूट आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यातल्या १२४ गावांच्या नव्या शहरासाठी एमएमआरडीएला प्राधिकरण नेमलं, त्याला सगळे 'तिसरी मुंबई' म्हणतात. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. प्रत्येक घोषणेनंतर एजंटच्या बोलण्यात एक नवीन वाक्य येतं. यातलं बरंच खरं होईलही. पण पेणनं आधीही मोठ्या घोषणा पाहिल्यात. महामुंबई सेझ इथेच येणार होतं. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत त्यावर सरकारनं चक्क जनमत घेतलं, शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येनं विरोधात मत दिलं आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. घोषणा आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये वीस-वीस वर्षं जाऊ शकतात, आणि मेंटेनन्सचं बिल दर महिन्याला येतं.

गिऱ्हाईक कुठे जाईल हे रस्तासुद्धा ठरवतो. वडखळ नाक्यावर अलिबागचा पांढरा कांदा, पापड, मिरगुंडं घ्यायला गाड्या थांबतात त्या तिथे दोन रस्ते फुटतात म्हणून. गोव्याची वाट गावाबाहेरून वळवली की त्या वाटेच्या गाड्या समोर थांबायच्या बंद होतात. त्यात दुकानदाराचा काय दोष? त्याची भिंत कुठे पळून गेली नाही. गाड्या गेल्या.

गंमत म्हणजे पेणला दुकानदारी शिकवायला मॉलची गरजच नाही. या गावाचा सगळ्यात मोठा ब्रँड बघा. श्रावण लागायच्या आधीच मुंबई-पुण्यात मंडप पडतात आणि फलक लागतात, 'पेणचे गणपती मिळतील'. मूर्ती इथल्या, हमरापूर-जोहेच्या कारखान्यांतल्या. ज्या जागेत विकतात ती कुणाचं मैदान, कुणाचं मंगल कार्यालय, महिना-दीड महिना भाड्यानं घेतलेली. भाद्रपद चतुर्थीला मंडप रिकामा, विक्रेता मोकळा. एवढा मोठा धंदा, आणि त्याला सरकता जिना लागला नाही! गिऱ्हाईक जेव्हा असतं आणि जिथे असतं तिथे माल नेऊन ठेवायचा, एवढंच. पावसाळ्यात बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या कातकरी बायाही तेच करतात. त्यांच्याकडे गर्दी असते आणि मागच्या कॉम्प्लेक्सचं शटर बंद असतं.

मग काय करायला पाहिजे? मोठे उपाय नगरपालिकेनं आणि नियोजनवाल्यांनी करावेत. पण छोटं एक सुचतं. ज्यांचे गाळे बंद पडलेत त्या मालकांनी एकत्र येऊन अख्खा पहिला मजला एका माणसाकडे चालवायला दिला तर? क्लासेस, डॉक्टर, अभ्यासिका, टेलर, जे चढून जायच्या लायकीचं आहे ते एका मजल्यावर. भाडं कमी, पण सगळ्यांचं चालू. ट्यूबचा खर्च सगळ्यांमध्ये. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अठरा मालक एका खोलीत बसवून दाखव, मग बोलू." सोसायटीच्या मीटिंगांचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव आहे.

असो. तर शेवटी काय झालं? एजंटचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. माझी एक्सेल शीट बाबांनी त्याला सांगितलीच नाही. म्हणाले, "अहो, मी वर जाऊन आलो. ज्या जिन्यावरून रात्री आठला मी माझ्या बायकोला पाठवणार नाही, तिथे दुकान काढायला दुसऱ्याच्या बायकोला कसं सांगू?" एजंट म्हणाला, सर, तुमचा तर तळमजल्याचा आहे. बाबा म्हणाले, "जिना तोच ना?"

तीस लाख पोस्टात गेले, मुदतीच्या अकरा दिवस आधी. कदाचित दहा वर्षांनी तो कॉर्नरचा गाळा खरंच साठ लाखांचा होईल आणि माझी चुलत भावंडं मला तो येता-जाता दाखवतील. होऊ दे. व्याजाच्या पहिल्या तिमाहीतून आईनं चार ब्लाउज शिवायला टाकलेत, त्याच पहिल्या मजल्यावर. ट्यूबचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. बाबा सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून आले. तोही त्यांचा विद्यार्थीच निघाला. बघू.

तुमच्याही घरी असं ब्रोशर येऊन पडलं असेल, तर निर्णय घेण्याआधी एवढं करा. त्याच बिल्डरची किंवा त्याच रस्त्यावरची चार-पाच वर्षं जुनी इमारत शोधा. संध्याकाळी साडेसातला पहिल्या मजल्यावर जा. शटर मोजा, दिवे मोजा, आणि जो एखादा गाळा उघडा असेल तिथे पाच मिनिटं बसा. चहा बहुतेक ते देतीलच.